वडिलांचा व्यवसाय : शिवणकाम व लेखन



दोन महिन्यांपूर्वी थोरल्या मुलीला घेऊन मी परभणीला एका वधू-वर परिचय मेळाव्यास गेलो होतो. फॉर्म भरताना ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी नेहमीप्रमाणे ‘शिवणकाम’ असे लिहिले. मुलीने माझ्या हातातला पेन घेतला आणि पुढे ‘व लेखन’ एवढे जोडले. मी नको म्हणेपर्यंत फॉर्म टेबलावर जमाही झाला.

आमचा नंबर आला तेव्हा सूत्रसंचालन करणाऱ्या गृहस्थांनी तो रकाना माईकवर मोठ्याने वाचला व मला विचारले, “आपण काय लिहिता?” मी म्हणालो, “गाण्यांवर लिहितो. भीमगीतांवर, सिनेमावर, टीव्हीवरच्या मालिकांवर.” मंडपात थोडे हसू झाले. पुढच्या रांगेतले एक शिकले-सवरलेले गृहस्थ सहज म्हणाले, “म्हणजे करमणूक.” त्यांच्या बोलण्यात वाईट भाव नव्हता. पण मुलगी माईकजवळ उभी होती, तिचा चेहरा उतरला, आणि त्या वेळी मला काही उत्तर सुचले नाही. जिंतूरला परत येताना एस.टी.त ती एवढेच म्हणाली, “बाबा, मी उगीच लिहिलं.”

त्या दिवशी जे उत्तर सुचले नाही ते आज लिहीत आहे. परिचय मेळाव्यात दोन मिनिटे मिळतात, साप्ताहिकात थोडी जास्त जागा मिळते.

माझा जन्म १९७२ च्या दुष्काळातला. माय खडी फोडायला जात होती आणि मी तिच्या पाठीशी. शाळा दहावीपर्यंत झाली, त्या दहावीत गणिताने अडविले. पुढे शिवणकाम शिकलो आणि आजतागायत जिंतुरात तेच करतो. शिंप्याचे हात आणि डोळे कामात गुंतलेले असतात, कान मात्र दिवसभर मोकळे. दुकानात मशीनच्या शेजारी पहिल्या दिवसापासून टेपरेकॉर्डर होता. गिऱ्हाईक माप द्यायला येई आणि गाणे संपेपर्यंत बसून राही. असे करत तीस-पस्तीस वर्षे मी ऐकत आलो आहे. त्यातून जे कळले ते लिहावेसे वाटले.

लिहितो ते कोठे, असे कोणी विचारील. दर पौर्णिमेला विहारात वंदनेसाठी मंडळी जमतात. त्या दिवशी मी एक कागद काढतो. पाठपोट एकच पान, माझ्या हाताने लिहिलेले, आणि त्याच्या साठ झेरॉक्स. त्याला मी काही नाव दिलेले नाही. वस्तीतल्या बाया त्याला ‘पौर्णिमेचा कागद’ म्हणतात, तेच नाव पडले. कोणी दोन रुपये देतो, कोणी पाच, बरेच जण काही देत नाहीत. पुण्या-मुंबईकडे कामाला गेलेल्या पोरांना घरची माणसे मोबाईलवर त्याचा फोटो पाठवितात. कागदात एखाद्या गायकाची हकीकत असते, नव्या सिनेमाबद्दल माझे मत असते, आणि कोणते गाणे मुळात कोणाचे याची चौकशी असते. संपादक मी, लेखक मी, शिपाई मी.

एकट्या माणसाने पत्र चालविण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. माझी तुलना कोणाशी करण्याचा हेतू नाही, तेवढी पायरी मी ओळखतो. पण बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले तेव्हा त्याचे रकाने बहुतांशी त्यांनी एकट्यानेच लिहून भरले, तेही वकिली आणि चळवळ सांभाळून. आपल्या मराठवाड्यातच पाहा. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या डॉ. गंगाधर पानतावणे यांनी १९६७ साली नियतकालिक हाती घेतले आणि ते ‘अस्मितादर्श’ या नावाने पुढे जवळजवळ पन्नास वर्षे चालविले. २०१८ साली सर गेले. दलित साहित्यातील किती तरी नावे पहिल्यांदा छापून आली ती या त्रैमासिकात. त्यांच्या मागे ना मोठा मालक होता, ना मोठी जाहिरात.

आता राहिला ‘करमणूक’ या शब्दाचा हिशेब.

३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला तेव्हा बाबासाहेबांनी त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग छापला होता. ‘बहिष्कृत भारत’च्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतील ओव्या होत्या. अमेरिकेत आणि लंडनला शिकून आलेल्या माणसाजवळ इंग्रजी वचनांची काय कमतरता होती? पण वाचणाऱ्याच्या कानात आधीपासून काय आहे हे ते ओळखून होते. माणसाशी बोलायचे तर त्याच्या कानात जे घर करून आहे तेथूनच सुरुवात करावी लागते, असा मी त्याचा अर्थ घेतो.

आणि आमचे जिंतूर तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. वस्तीत वाचता येणारा माणूस शोधून सापडत नसे. मुंबईचे छापील पत्र येथे आले तरी वाचणार कोण? म्हाताऱ्या माणसांना मी विचारले आहे, की तुम्हाला बाबासाहेब कसे कळाले? “वाचून कळाले” असे एकानेही सांगितले नाही. कोणी म्हणाले जलशातून, कोणी म्हणाले गाण्यातून, कोणी म्हणाले बायांच्या तोंडून. आपल्या घरात आपला इतिहास गाण्याच्या वाटेने आला आहे. त्या वाटेला करमणूक म्हणायला माझी हरकत नाही. पण मग त्या करमणुकीचा हिशेब कोणी तरी ठेवला पाहिजे.

वामनदादा कर्डकांचेच घ्या. १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म, गाव सिन्नर तालुक्यातले देशवंडी. मुंबईत कामगार म्हणून आले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. पुढे चांगले मोठे झाल्यावर अक्षरे गिरविली. आणि त्यांचे पहिले गाणे कोणते? १९४३ साली एका हिंदी सिनेमाच्या गाण्याचे विडंबन! म्हणजे ज्यांना आपण महाकवी म्हणतो त्यांची सुरुवात सिनेमाच्या चालीवर झाली. मेळाव्यातल्या त्या गृहस्थांना हे सांगायला हवे होते, पण म्हटले ना, त्या वेळी सुचले नाही.

कॅसेटचा काळ तुम्हाला आठवत असेल. एप्रिल महिना आला की दुकानात नव्या भीमगीतांच्या कॅसेटी लागत. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला अर्धा तास. आतल्या कागदावर गायकाचा फोटो मोठा, कंपनीचे नाव त्याहून मोठे, आणि ज्याने गाणे लिहिले त्याचे नाव मुंगीएवढे. कैक वेळा तेवढेही नाही. रस्त्यावर मिळणाऱ्या नकली कॅसेटीला तर आतला कागदच नसे. मग गाणे कोणाचे हे ओळखायचे कसे? जुन्या कवींनी त्याची सोय करून ठेवली होती. शेवटच्या कडव्यात ते आपले नाव गुंफीत. वामनदादांच्या गाण्यात शेवटी ‘वामन’ येतो तो असा. पण गायकाला वेळ कमी पडला की तो नेमके शेवटचे कडवे गाळतो, आणि कडव्याबरोबर माणूसही गळतो. शिवता शिवता हे माझ्या ध्यानात आले. तेव्हापासून मी वहीत लिहू लागलो, की अमुक गाणे, शेवटच्या कडव्यात अमुक नाव. कागदाचा उगम ती वही आहे.

या कामात माझ्या हातूनही चुका झाल्या, त्यातली एक सांगतो. कागद सुरू होऊन वर्ष झाले असेल. मी मोठ्या ऐटीत लिहिले, की १९३० च्या दशकात गावोगाव हिंडणारा आंबेडकरी जलसा वामनदादांचा होता. चार दिवसांनी एक निवृत्त गुरुजी दुकानात आले. त्यांनी पायजमा शिवायला टाकला, माप दिले, आणि मग शांतपणे म्हणाले, “अहो, तो जलसा भीमराव कर्डकांचा. वामनदादा त्या वेळी पोरवयात होते. कर्डक दोन आहेत.” मला घाम फुटला. ज्या गोष्टीसाठी मी कंपन्यांना नावे ठेवीत होतो तेच मी केले होते. एकाच्या कष्टावर दुसऱ्याचे नाव घातले होते. भीमराव कर्डकांनी जलशांवर पुस्तकही लिहून ठेवले आहे, मी ते पाहिलेसुद्धा नव्हते. पुढच्या पौर्णिमेला दुरुस्ती पहिल्या ओळीत छापली. गुरुजींनी पायजम्याचे पैसे पुरेपूर दिले, मी घेत नव्हतो तरी.

दुसरा वाद विहारात झाला. मी प्रल्हाद शिंदे यांच्यावर लिहिले होते. वंदना झाल्यावर एका ज्येष्ठ उपासकांनी मला सर्वांसमक्ष विचारले, “बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांच्या विहारात विठ्ठलाची गाणी गाणाऱ्याचे कौतुक कशाला?” प्रश्न चुकीचा नाही. आमच्या घरात १९५६ नंतर देव्हारा नाही, आणि माझा बाप त्या बाबतीत फार कडक होता. तरी मी माझे म्हणणे सोडले नाही. प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीते गायिली, कव्वाल्या गायिल्या, आणि भक्तिगीतेही गायिली. गळा हे त्यांचे पोट होते. २००४ साली, म्हणजे वामनदादा गेले त्याच वर्षी, तेही गेले. आजही आषाढीला साऱ्या महाराष्ट्रात भोंग्यावर त्यांचा आवाज लागतो. तो आवाज कोणत्या वस्तीतून आला हे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला त्यांच्या गळ्याशिवाय वारीचा दिवस उजाडत नाही, ही गोष्ट आपण नाही लिहायची तर कोणी लिहायची? उपासक म्हणाले, “लिही, पण विहाराच्या दारात वाटू नकोस.” तेव्हापासून तो कागद मी विहाराच्या दारात वाटत नाही, रस्त्यापलीकडे लिंबाखाली उभा राहतो. त्यांनीही रस्ता ओलांडून कागद घेतला आहे, दोनदा.

सिनेमाबद्दल थोडे. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१४ साली पडद्यावर आला तेव्हा मी धाकट्याला घेऊन परभणीला जाऊन पाहिला. त्यात जब्याचे कुटुंब डुक्कर बांधून खांद्यावरून नेते, आणि मागे शाळेची भिंत आहे. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई आदी महापुरुषांची चित्रे. कोणी एक शब्द बोलत नाही. मी त्या चार-पाच क्षणांवर कागदाची एक बाजू लिहिली. ती वाचून (तिला तिच्या मुलाने वाचून दाखविली) वस्तीतली एक बाई म्हणाली, “असली भिंत आपल्या बी शाळेला हाय. मी रोज तिच्या म्होरून सरपणाचा भारा घेऊन जाते. मला आजवर कधी दिसलं नाही.” माझ्या लिखाणाला एवढी मोठी पावती पुन्हा मिळालेली नाही.

पण सगळ्याचेच कौतुक करायला मी बसलेलो नाही. आपल्या माणसाचा सिनेमा म्हणून वाईटाला चांगले म्हणायचे हे मला पटत नाही. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर दिसला की टाळी घ्यायची आणि गोष्ट कच्ची ठेवायची, असे हल्ली होऊ लागले आहे. जयंतीच्या डीजेबद्दल मी लिहिले तेव्हा तरुण मंडळी रागावली. माझे म्हणणे एवढेच होते, की छाती हादरते पण शब्द एकही कळत नाही. आणि शब्द कळत नसतील तर ते गाणे भीमाचे की आणखी कोणाचे, काय फरक? नाचू नका असे मी म्हटले नव्हते. मी स्वतः १४ जानेवारी १९९४ ला, विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले त्या दिवशी, पाय सुजेपर्यंत नाचलो आहे. त्या नावासाठी १९७८ पासून मराठवाड्यात घरे जळाली आणि माणसे मेली, आणि त्या दिवशी भोंग्यावरच्या गाण्याचा शब्द न् शब्द आम्हाला पाठ होता.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती सांगतो. ती अजून मी माझ्या कागदातही लिहिलेली नाही.

बाजूच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बायांनी जात्यावर म्हटलेल्या भीमाच्या ओव्या काही अभ्यासक मंडळींनी १९९० च्या दशकात ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. गावोगावच्या जात्यावरच्या हजारो ओव्या त्या मंडळींनी गोळा केल्या आहेत. काही वर्षांपूर्वी मुलीने मोबाईलवर त्या लावल्या. मी काजे करीत होतो. दुसऱ्याच ओळीला माझा हात थांबला. ती चाल माझ्या मायची होती. बाबासाहेबांना भाऊ मानायचे, रमाईला भावजय मानायचे, आणि माहेरचे कोणी आल्यासारखे त्यांच्याशी बोलायचे, अगदी तसेच. माय पहाटे दळताना म्हणायची आणि मी तिच्या मांडीवर डोके ठेवून अर्धा झोपेत ऐकायचो. पुढे पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, ओव्याही गेल्या.

माय २०११ साली कालकथित झाली. तोपर्यंत माझे दुकान टेपरेकॉर्डरने भरलेले होते. कोऱ्या कॅसेटी होत्या, रेकॉर्डिंगचे लाल बटण होते. मुंबईच्या गायकाच्या गाण्यातले शेवटचे कडवे कोणी गाळले याचा मी शोध घेत होतो, आणि दहा पावलांवर मागच्या खोलीत बसलेल्या मायला एकदाही म्हणालो नाही, की बाई, म्हण बरं एकदा. ते मला गाणे वाटलेच नव्हते. कॅसेटवर येते ते गाणे, मायचे ते दळण. त्या गृहस्थांनी माझ्या कामाला जे म्हटले त्याहून कमी लेखणारे मी मायच्या कामाला मनात म्हणत आलो होतो. औरंगाबादच्या कडुबाई खरात एकतारीवर गाऊ लागल्या आणि मोबाईलवरून घरोघर पोहोचल्या, तेव्हा मी त्यांच्यावर भरभरून लिहिले. तेव्हाही मला माय आठवली नाही, हे विशेष.

आज बसून आठवितो तर मला तीनच ओव्या पुऱ्या येतात. चौथीची पहिली ओळ येते.

चारठाण्याला माझी मावशी आहे, मायच्या पाठची. नव्वदीला आली आहे, डोळ्यांनी दिसत नाही, पण ऐकू चांगले येते. गेल्या महिन्यात मुलीला घेऊन गेलो. मोबाईल तिच्यासमोर ठेवला. मावशी म्हणाली, “जातं कुठंय? जात्याबिगर कसं येईल रे?” शेजाऱ्यांच्या परसात पालथे पडलेले जाते आम्ही दोघांनी ओढून आणले, खुंटा नव्हता तर लाकूड ठोकले. मूठभर ज्वारी टाकली. मावशीचा हात मुलीने धरला, दोघींनी मिळून फिरविले. पहिल्या चार-पाच फेऱ्यांना काहीच आले नाही, मग आले. बावीस ओव्या झाल्या. मध्येच ती मायचे नाव घेऊन म्हणाली, “ही तिची हाय, माझी न्हाई. तिनंच जुळवली होती.” असे तीन वेळा म्हणाली. म्हणजे मायने स्वतः ओव्या रचल्या होत्या, आणि मला चोपन्नाव्या वर्षी कळले.

येत्या पौर्णिमेच्या कागदात त्या तीन ओव्या देत आहे, खाली मायच्या नावासह. अक्षर मुलीचे राहील, माझे आता हलते. तिचे लग्न अजून जमायचे आहे. मागच्या आठवड्यात दुसऱ्या मेळाव्याचा फॉर्म आला, तो तिने स्वतःच भरला. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात काय लिहिले ते मी विचारले नाही, टपालात टाकताना पाहून घेतले. ‘शिवणकाम व लेखन’ असेच आहे.

वाचकांना एक विनंती. घरी जुन्या भीमगीतांच्या कॅसेटी असतील आणि फीत तुटली म्हणून टाकून देणार असाल, तर आतला कागद तेवढा जपून ठेवावा. त्यावर बारीक अक्षरात नाव असते. आणि घरात सत्तरीच्या पुढची आजी असेल तर जात्याची सोय करावी, नुसता मोबाईल पुढे धरून काही येत नाही.

जयभीम.